एकासनी मोटारशर्यतींचे कनिष्ठ संघ

एकच चालक बसू शकेल अशा, उघड्या चाकांच्या शर्यतगाड्या बाळगून तरुण चालकांना फॉर्म्युला वनच्या खालच्या श्रेणींतील शर्यतींत उतरविणाऱ्या व्यावसायिक संस्थांना कनिष्ठ एकासनी संघ म्हणतात. ‘कनिष्ठ’ हे विशेषण संघाच्या गुणवत्तेला उद्देशून नसून तो ज्या श्रेणीत भाग घेतो तिला उद्देशून आहे. असे संघ इटली, फ्रान्स, नेदर्लंड्‌स, जर्मनी इ. देशांत आढळतात, तथापि त्यांची घडण प्रामुख्याने ब्रिटनमध्ये झाली. हे संघ सामान्यतः स्वतः गाड्या तयार करीत नाहीत. त्या ते ठरावीक कारखान्याकडून विकत घेतात. चालक तयार करणे हेच त्यांचे खरे कार्य होय आणि बहुतेक वेळा त्याचा खर्चही चालकाकडूनच वसूल केला जातो. त्यामुळे कनिष्ठ संघ हा एकाच वेळी क्रीडासंघ, कर्मशाळा आणि शुल्क घेणारी शाळा असतो. अशा संघाची थोरवी त्याने जिंकलेल्या चषकांइतकीच त्याच्याकडून पुढे गेलेल्या चालकांवरून मोजली जाते. महाराष्ट्रातील चालक या शाळांत शिकले आहेत आणि २०२१ पासून मुंबईचे नाव धारण करणारा एक संघही या क्षेत्रात उतरला आहे.

फॉर्म्युला व श्रेणी : ‘फॉर्म्युला’ म्हणजे शर्यतगाडीच्या बांधणीविषयीची नियमसंहिता. एंजिनाची धारणशक्ती, गाडीचे किमान वजन, टायरांचा प्रकार, पंखांचे आकारमान इ. बाबी तीत ठरवून दिलेल्या असतात. तीत बसणाऱ्या गाड्याच त्या नावाच्या शर्यतीत भाग घेऊ शकतात. या नियमांवर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे (एफआयए) नियंत्रण असते.

चालकाचे शिक्षण बहुधा वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी कार्टिंगपासून सुरू होते. कार्ट ही नळ्यांच्या सांगाड्यावर बसविलेली, सामान्यतः स्प्रिंगांचे निलंबन नसलेली छोटी गाडी होय. वयाची १५ वर्षे पूर्ण झाल्यावर फॉर्म्युला फोरमध्ये प्रवेश मिळतो. ही श्रेणी महासंघाने २०१४ पासून देशोदेशी सुरू केली असून तिच्यातील गाडीची शक्ती सु. १६० अश्वशक्ती असते. त्यावरील प्रादेशिक फॉर्म्युला (फॉर्म्युला रीजनल) श्रेणीत ती सु. २७०, फॉर्म्युला थ्रीमध्ये सु. ३८० आणि फॉर्म्युला टूमध्ये सु. ६२० अश्वशक्ती असते. फॉर्म्युला वनमध्ये उतरण्यासाठी महासंघाचा विशेष परवाना (सुपर लायसन्स) लागतो. २०१६ पासून त्यासाठी सामान्यतः वयाची १८ वर्षे आणि तीन हंगामांत मिळून ४० गुण आवश्यक आहेत. हे गुण मुख्यतः कनिष्ठ श्रेणींतील अंतिम क्रमांकांवरून मिळत असल्याने या श्रेणी टाळून वर जाणे जवळजवळ अशक्य झाले आहे.

उगम व विकास : दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये लष्कराला नको असलेले अनेक विमानतळ मोकळे पडले. त्यांच्या काँक्रीटच्या धावपट्ट्या व त्यांभोवतीचे रस्ते मोटारशर्यतींना सोयीचे ठरले. सिल्व्हरस्टोन येथे १९४८ मध्ये शर्यती सुरू झाल्या. स्नेटर्टन व थ्रक्स्टन ही मैदानेही अशाच विमानतळांवर निर्माण झाली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात मोठी एंजिने परवडत नसल्याने हौशी मंडळींनी मोटारसायकलचे ५०० घ. सेंमी. धारणशक्तीचे एंजिन बसविलेल्या लहान गाड्या बांधल्या. सर्बिटन येथील चार्ल्स कूपर व त्याचा मुलगा जॉन यांनी १९४६ मध्ये अशी पहिली गाडी तयार केली. तिचे एंजिन चालकाच्या मागे होते. स्टर्लिंग मॉसने १९४८ मध्ये कूपर गाडी घेऊनच शर्यतींत पदार्पण केले. १९५० मध्ये या ५०० घ. सेंमी. वर्गाला फॉर्म्युला थ्री म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

त्यानंतर इटलीतील काउंट जोव्हानी लुरानी याच्या पुढाकाराने फॉर्म्युला ज्युनियर हा वर्ग अस्तित्वात आला व १९६३ अखेरपर्यंत चालला. १९६४ मध्ये एक लिटर एंजिनाचा नवा फॉर्म्युला थ्री सुरू झाला. याच संक्रमणकाळात आजच्या अर्थाने कनिष्ठ संघ आकारास आला. सरे परगण्यात इमारती लाकडाचा व्यापार करणाऱ्या केन टिरेलने स्वतःची शर्यतीची हौस बाजूला ठेवून १९६० मध्ये फॉर्म्युला ज्युनियरसाठी संघ उभारला. त्याची कर्मशाळा लाकडाच्या वखारीतच होती. १९६४ मध्ये त्याने जॅकी स्ट्यूअर्ट या तरुण स्कॉटिश चालकाला फॉर्म्युला थ्रीची कूपर गाडी दिली आणि स्ट्यूअर्टने त्या हंगामावर प्रभुत्व गाजविले. पुढे १९६९, १९७१ व १९७३ मध्ये तो टिरेलच्याच संघातून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. स्वतः न चालविता दुसऱ्याचे कसब ओळखणे, त्याला योग्य गाडी देणे आणि त्याच्यासह वर चढणे हा कनिष्ठ संघाचा आदर्श टिरेलने घालून दिला.

१९८० नंतरच्या दशकात ब्रिटिश फॉर्म्युला थ्री ही स्पर्धा जगातील चालकांचे मुख्य परीक्षाकेंद्र बनली. न्यूझीलंडचा अभियंता डिक बेनेट्‌स याच्या वेस्ट सरे रेसिंग या संघातून ब्राझीलचा आयर्टन सेना (१९८३) व फिनलंडचा मिका हॅकिनेन (१९९०) हे विजेते ठरले. १९८३ मध्ये सेनाचा प्रतिस्पर्धी मार्टिन ब्रंडल हा एडी जॉर्डनच्या संघाकडून खेळत होता. या जॉर्डनचा संघ १९९१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. त्या काळी संघाला गाडीच्या सांगाड्याची निवड करता येई. १९९३ पासून मात्र इटलीतील दालारा कारखान्याच्या सांगाड्यांनी इतरांना झपाट्याने मागे टाकले. आजच्या फॉर्म्युला टू व थ्री श्रेणींत तर सर्व संघांना एकाच नमुन्याची दालारा गाडी, सारखीच एंजिने व सारखेच टायर वापरावे लागतात. परिणामी संघासंघांतील फरक गाडीतून नव्हे, तर ती जुळविण्याच्या कौशल्यातून व चालकाला शिकविण्याच्या पद्धतीतून निर्माण होतो.

जुनी ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धा २०१४ नंतर बंद पडली. तिचे नाव २०१६ मध्ये दुसऱ्या एका स्पर्धेने घेतले व २०२१ पासून ती ‘जीबी-३’ या नावाने ओळखली जाते. २००५ मध्ये सुरू झालेल्या जीपी-२ मालिकेचे २०१७ मध्ये फॉर्म्युला टू असे नामांतर झाले, तर आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्री स्पर्धा २०१९ पासून सध्याच्या स्वरूपात भरते. फॉर्म्युला वनच्या शर्यतींबरोबर त्याच मैदानावर भरणाऱ्या या दोन स्पर्धांमुळे कनिष्ठ संघांचे कार्यक्षेत्र राष्ट्रीय न राहता जागतिक बनले.

रचना व कार्य : कनिष्ठ संघ आकाराने लहान असतो. संघप्रमुख, प्रत्येक गाडीसाठी एक शर्यत-अभियंता, नोंदींचे विश्लेषण करणारा अभियंता, गाडीगणिक दोन-तीन यंत्रज्ञ, सुट्या भागांची व वाहतुकीची व्यवस्था पाहणारे कर्मचारी एवढा त्याचा परिवार असतो. प्रत्येक शर्यतीनंतर गाडी पूर्ण उकलून तपासली जाते.

गाडीची जुळणी हा संघाच्या कामाचा गाभा होय. पुढील पंखाचा कोन वाढविला की पुढची चाके जमिनीवर अधिक दाबली जातात व वळणावर गाडीचे तोंड लवकर वळते. परंतु त्यामुळे मागील चाके निसटण्याची भीती वाढते आणि सरळ पट्ट्यावर हवेचा रोध वाढून वेग घटतो. निलंबनाचा ताठरपणा, गाडीची जमिनीपासूनची उंची, चाकांचा कल व टायरांतील हवेचा दाब यांबाबतही एक लाभ घेताना दुसरा सोडावा लागतो. गाडीवरील संवेदक वेग, गतिरोधकावरील दाब, सुकाणूचा कोन इत्यादींची सतत नोंद करतात. एकाच संघातील दोन चालकांच्या नोंदी एकमेकींवर ठेवून पाहिल्या की कोणत्या वळणावर कोणी किती आधी गतिरोधक दाबला हे स्पष्ट होते. चालकाच्या शिक्षणाचे हे सर्वांत प्रभावी साधन होय. तुलनेने मागे पडणाऱ्या चालकाला त्यात लपण्यास जागा राहत नाही.

प्रत्यक्ष मैदानावर सरावाला मिळणारा वेळ अत्यल्प असतो. फॉर्म्युला टूमध्ये सु. ४५ मिनिटांचा एक सराव, अर्ध्या तासाची पात्रता-फेरी आणि नंतर दोन शर्यती असा कार्यक्रम असतो. २०२२ पासूनच्या पद्धतीनुसार छोट्या शर्यतीत पात्रता-फेरीतील पहिल्या दहा जणांचा क्रम उलटा लावला जातो, तर मुख्य शर्यतीत तो तसाच राहतो. त्यामुळे पुढून पळण्याबरोबरच गर्दीतून वाट काढण्याचीही परीक्षा होते. मैदानावरील ही उणीव भरून काढण्यासाठी मोठे संघ आपल्या कर्मशाळेत गाडीची नक्कल करणारे यंत्र (सिम्युलेटर) ठेवतात.

या शिक्षणात जिवाचा धोका असतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बेल्जियममधील स्पा येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आर्डेन या ब्रिटिश संघाचा फ्रेंच चालक आंत्वान यूबेर मृत्यू पावला व हुआन मान्वेल कोरेआ हा दुसरा चालक गंभीर जखमी झाला. चालकाच्या डोक्याभोवतीचे ‘हेलो’ हे धातूचे संरक्षक कडे फॉर्म्युला टूमध्ये २०१८ पासून व फॉर्म्युला थ्रीमध्ये २०१९ पासून सक्तीचे आहे.

अर्थव्यवहार : महाराष्ट्रातील शंकरपटात बैलजोडीचा धनी खर्च सोसतो आणि हाकणारा (धुरकरी) त्याच्या कसबासाठी निवडला जातो. कनिष्ठ मोटारशर्यतीत हा व्यवहार उलटा असतो : गाडीचा मालक संघ असतो व ती हाकण्यासाठी चालकच संघाला पैसे देतो. संघ व चालक यांच्यात हंगामापुरता करार होतो. त्याच्या रकमेत गाडीचा वापर, एंजिनाचे भाडे, टायर, इंधन, प्रवास व कर्मचाऱ्यांचे वेतन यांचा अंतर्भाव असतो. अपघातात झालेल्या मोडतोडीची भरपाई बहुधा वेगळी घेतली जाते. फॉर्म्युला फोरच्या एका हंगामाचा खर्च काही लाख युरो, तर फॉर्म्युला टूचा सु. २० ते ३० लाख युरो असल्याचे सांगितले जाते. हा भार कुटुंब, पुरस्कर्त्या कंपन्या किंवा फॉर्म्युला वन संघांच्या प्रशिक्षण-योजना उचलतात.

या पद्धतीचे दोन परिणाम संभवतात. एक म्हणजे गुणी परंतु साधनहीन चालक पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच अडतो. दुसरा असा की, संघाला आपल्या उत्पन्नासाठी सधन चालक आणि कीर्तीसाठी गुणी चालक अशा दोघांचीही गरज असते. उत्तम संघ या दोहोंचा मेळ घालतो. ज्याला तो साधत नाही त्या संघाची कीर्ती ओसरते व तिच्यामागोमाग उत्पन्नही. संघ उदयास येणे व नाहीसे होणे या क्षेत्रात नित्याचे आहे.

कार्लिन संघ : ब्रिटिश कनिष्ठ संघाच्या वाटचालीचे एक प्रातिनिधिक उदाहरण म्हणून कार्लिन मोटरस्पोर्टकडे पाहता येते. ट्रेव्हर कार्लिन व मार्टिन स्टोन यांनी तो १९९६ मध्ये स्थापन केला व पुढे सरे परगण्यातील फार्नम येथे त्याची मोठी कर्मशाळा उभी राहिली. त्याच्या आरंभीच्या यशात एका भारतीय चालकाचा वाटा आहे. तमिळनाडूतील नारायण कार्तिकेयन १९९८ मध्ये कार्लिनकडून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरला व १९९९ मध्ये त्याने ब्रँड्‌स हॅच येथे दोन शर्यती जिंकल्या. पुढे २००५ मध्ये जॉर्डन संघातून तो फॉर्म्युला वनमधील पहिला भारतीय चालक ठरला.

२००१ मध्ये जपानच्या ताकुमा सातोने कार्लिनकडून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचे विजेतेपद व त्याच वर्षी मकाव येथील प्रतिष्ठेची शर्यत जिंकली. त्यानंतर ॲलन व्हॅन डर मर्व (२००३) व आल्व्हारो पारेंते (२००५) यांनी तेच विजेतेपद संघाला मिळवून दिले. २००८ ते २०१३ या सलग सहा हंगामांत हायमे अल्गेर्सुआरी, डॅनियल रिकार्डो, झां-एरिक व्हर्न्य, फेलिपे नास्र, जॅक हार्व्ही आणि जॉर्डन किंग हे कार्लिनचे चालक विजेते ठरले. त्यांपैकी पहिले चौघे फॉर्म्युला वनमध्ये गेले. पुढे चार वेळा जगज्जेता झालेला सेबास्टियन व्हेटेलही २००७ मध्ये रेनॉ जागतिक मालिकेत या संघाकडून खेळत असतानाच फॉर्म्युला वनमध्ये बोलावला गेला. लँडो नॉरिसने तर कार्लिनमध्ये जवळजवळ संपूर्ण शिडी चढली : २०१५ मध्ये ब्रिटनमधील फॉर्म्युला फोर स्तरावरील स्पर्धेचे व २०१७ मध्ये युरोपीय फॉर्म्युला थ्रीचे विजेतेपद, तर २०१८ मध्ये फॉर्म्युला टूमध्ये दुसरा क्रमांक. त्या वर्षी फॉर्म्युला टूचे सांघिक विजेतेपद कार्लिनकडे आले. २०२५ मध्ये नॉरिस फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

संघाने अमेरिकेतही विस्तार केला व २०१८ ते २०२१ या काळात इंडीकार मालिकेत भाग घेतला. २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या रॉडिन कंपनीच्या सहभागाने त्याचे नाव ‘रॉडिन कार्लिन’ झाले. त्याच वर्षी संस्थापक कार्लिन बाहेर पडला आणि २०२४ पासून तो ‘रॉडिन मोटरस्पोर्ट’ या नावाने चालतो. त्या वर्षी संघाच्या ॲबी पुलिंगने ‘एफ-१ अकॅडमी’ ही महिलांची स्पर्धा जिंकली. संस्थापकाचे नाव गेले तरी कर्मशाळा व तिची पद्धती टिकून राहिली.

डबल आर संघ : फिनलंडचा फॉर्म्युला वन चालक किमी रायकोनेन व त्याचा व्यवस्थापक स्टीव्ह रॉबर्टसन यांनी २००४ मध्ये स्थापलेला हा संघ त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘डबल आर’ म्हणून ओळखला जातो. माइक कॉन्वेने २००६ मध्ये या संघाकडून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचे विजेतेपद व मकावची शर्यत अशा दोन्ही मिळविल्या. नव्या स्वरूपातील ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये ब्राझीलचा मातेउस लाइस्ट (२०१६) व स्वीडनचा लिनस लुंडक्विस्ट (२०१८) हे त्याचे विजेते होत. २०१८ च्या हंगामात लुंडक्विस्टचा संघसहकारी कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक होता. पश्चिम महाराष्ट्रातील एक मराठी तरुण अशा प्रकारे विजेत्या ब्रिटिश संघाच्या कर्मशाळेपर्यंत पोहोचला.

भारत व महाराष्ट्र : भारतातही मोटारशर्यतींचा आरंभ विमानतळांवर झाला. मद्रासजवळील शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने (स्थापना १९५३) भरविलेल्या शर्यती अनेक वर्षे गाजल्या. पुढे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथे व कोईमतूर येथे कायमची मैदाने तयार झाली. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मैदानावर २०११ ते २०१३ या तीन वर्षी फॉर्म्युला वनची शर्यत झाली. १९७१ मध्ये स्थापन झालेला भारतीय मोटार क्रीडा मंडळांचा महासंघ (एफएमएससीआय) या खेळाचे राष्ट्रीय नियमन करतो. टायर कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या स्पर्धांमुळे देशी बनावटीच्या एकासनी गाड्या प्रचारात आल्या. तथापि त्यांची केंद्रे मुख्यतः तमिळनाडूतच राहिली. भारतीय फॉर्म्युला फोर स्पर्धेचा पहिला हंगाम २०२३ मध्ये झाला.

महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय दर्जाचे कायमचे मोटारशर्यत-मैदान नाही. मुंबई-पुण्याच्या परिसरातील कार्टिंगचे छोटे मार्ग आणि कोल्हापूर येथील मोहिते रेसिंग अकादमीचा मार्ग यांवर नवोदितांचे प्राथमिक शिक्षण होते. त्यापुढे चालकाला राज्याबाहेर आणि लवकरच देशाबाहेर जावे लागते.

महाराष्ट्रातून या शिडीवर सर्वांत वर पोहोचलेला चालक म्हणजे मुंबईचा जेहान दारूवाला (जन्म १ ऑक्टोबर १९९८). फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने २०११ मध्ये देशभरातून निवडलेल्या तीन मुलांपैकी तो एक होता. कार्टिंगनंतर त्याने २०१५ मध्ये फोर्टेक या ब्रिटिश संघाकडून एकासनी गाड्यांत पदार्पण केले. २०१७ मध्ये त्याने न्यूझीलंड ग्रां प्री जिंकली. त्याच वर्षी कार्लिनकडून युरोपीय फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरून जर्मनीतील नोरिसरिंग येथे शर्यत जिंकणाऱ्या दारूवालाचा संघसहकारी नॉरिस हा होता. २०१९ मध्ये इटलीच्या प्रेमा संघाकडून तो आंतरराष्ट्रीय फॉर्म्युला थ्रीमध्ये तिसरा आला. २०२० मध्ये तो पुन्हा कार्लिनमध्ये, फॉर्म्युला टूसाठी, दाखल झाला आणि ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमधील साखीर येथे या श्रेणीतील शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. पुढील दोन वर्षांत त्याने आणखी तीन विजय मिळविले. त्यांपैकी दोन मॉन्झा येथील होते.

तरीही त्याला फॉर्म्युला वनमध्ये जागा मिळाली नाही. २०२० मध्ये त्याच कर्मशाळेतील तशीच गाडी चालविणारा जपानचा युकी त्सुनोडा हंगामाअखेर तिसरा आला व पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. दारूवाला बारावा राहिला. फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा अवघ्या वीस जागा होत्या. खालून दरवर्षी येणारे चालक अनेक व रिकाम्या होणाऱ्या जागा एक-दोन, अशा स्थितीत एकाच पहिल्या हंगामाचा क्रम निर्णायक ठरतो. एकाच नमुन्याच्या गाड्यांमुळे होणारी तुलना किती कठोर असते, हेही यावरून दिसते. दारूवाला पुढे विद्युत् गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत उतरला (२०२४).

मुंबई फाल्कन्स : परदेशी संघांत जागा विकत घेण्याऐवजी स्वतःचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरविण्याचा महाराष्ट्रातील लक्षणीय प्रयत्न म्हणजे मुंबई फाल्कन्स हा होय. २०२१ मध्ये हा संघ आशियाई फॉर्म्युला थ्री स्पर्धेत दारूवाला व बंगलोरचा कुश मैनी या दोन भारतीय चालकांसह उतरला. ती स्पर्धा त्या वर्षी दुबई व अबू धाबी येथे झाली आणि दारूवाला तीत तिसरा आला.

पुढील वर्षांत संघाने प्रेमाच्या सहकार्याने मोठे यश मिळविले. २०२२ मध्ये मोनाकोचा आर्थर लक्लेर आशियाई प्रादेशिक फॉर्म्युला स्पर्धेत विजेता ठरला. २०२३ मध्ये इटलीच्या आंद्रेआ किमी अँटोनेल्लीने मध्यपूर्वेतील प्रादेशिक फॉर्म्युला स्पर्धा आणि ऑस्ट्रेलियाच्या जेम्स व्हार्टनने संयुक्त अरब अमिरातींची फॉर्म्युला फोर स्पर्धा जिंकली. २०२४ मध्ये ही दुसरी स्पर्धा ब्रिटनच्या फ्रेडी स्लेटरने जिंकली. हे सर्व मुंबई फाल्कन्सचे चालक होत. अँटोनेल्ली २०२५ मध्ये मर्सिडीज संघातून फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाला. कनिष्ठ संघाच्या नेहमीच्या मापाने पाहता इतक्या अल्पावधीत असा चालक वर पाठविणे ही मोठी मजल आहे.

या यशाची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. विजेतेपदे मिळविणारे चालक परदेशी, गाड्यांची देखभाल करणारे हात मुख्यतः इटालियन आणि शर्यतींची मैदाने आखाती देशांतील होती. संघाचे नाव मुंबईचे असले, तरी ज्या कर्मशाळेत चालक व अभियंते घडतात ती मुंबईत नव्हती. टिरेलची वखार किंवा फार्नमची कर्मशाळा यांना आसपासच्या मैदानांचा, सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांचा आणि अनुभवी यंत्रज्ञांचा आधार होता. नुसत्या भांडवलाने त्याची उणीव भरून निघत नाही.

पुणे-चाकण पट्टा व छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज-शेंद्रे परिसर यांमुळे महाराष्ट्र हे वाहन-उद्योगाचे मोठे केंद्र बनले आहे. मोठ्या प्रमाणावर एकसारखी वाहने तयार करणे आणि एकच गाडी दर आठवड्याला उकलून सेकंदाच्या शतांश भागासाठी पुन्हा जुळविणे ही कौशल्ये मात्र भिन्न आहेत. ही दुसरी विद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना काही अंशी विद्यार्थी-स्पर्धांतून मिळते. त्यांत विद्यार्थ्यांनी स्वतः आखून बांधलेल्या लहान एकासनी गाड्या उतरविल्या जातात. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचा (आयआयटी) संघ विद्युत् गाडी घेऊन ब्रिटनमधील अशा स्पर्धेत सहभागी झालेला आहे. चालकाच्या आसनासाठी लाखो युरो लागतात. शर्यत-अभियंता वा यंत्रज्ञ होण्यासाठी तेवढे लागत नाहीत. नांदेड येथील श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था (स्थापना १९८१) किंवा लातूरमधील अभियांत्रिकी महाविद्यालये यांतून यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यालाही या क्षेत्राचे हे दुसरे दार खुले आहे. ब्रिटनमधील अनुभव पाहता, चालकांपेक्षा अशा अभियंत्यांच्या व यंत्रज्ञांच्या संख्येवरच एखाद्या प्रदेशात संघ टिकतो की नाही हे अवलंबून असते.